आर्चाला पाणी नको

गुलझिना वहिनी,

अंगणात सडा घातलास की उरलेलं पाणी आर्चाच्या मुळाशी ओतू नकोस गं. शेजारच्या स्प्रूसला ओत, त्याला कितीही चालतं. आर्चा डोंगरातल्या खडकांतली, तिला ओल सोसत नाही. दोन्ही झाडं बारमाही हिरवी, म्हणून तू दोघांना सारखंच जपलंस. तुला कुणी सांगितलंच नाही, आणि नवी सून सासऱ्यांना विचारणार तरी कशी!

काल पाहुण्यांसमोर बाबा म्हणाले, "जिच्या फांद्यांची धुरी देऊन सून घरात घेतली, तीच आर्चा पिवळी पडली. बघा पायगुण!" सगळे हसले. मीही हसले. झाड कशाने पिवळं पडलं ते मला माहीत होतं, तरी हसले! तेव्हाच बोलायला हवं होतं.

आज उठल्या उठल्या बाबांना सगळं सांगितलं. आता आम्ही नदीवर खडी आणायला चाललोय. आर्चा उंचवट्यावर खडीत लावू. जगेल की नाही, देव जाणे.

तुझी बांधलेली बॅग दिसली. माहेरी जायचंच असेल तर मी कोण अडवणार? पण आम्ही येईपर्यंत थांब. बाबा बूट घालून दारात उभे आहेत आणि सारखं विचारतायत, "थांब म्हणून लिहिलंस ना तिला?"

ऐचुरेक