गिरणीचा दगड बोलतो

लोहा, ता. ४ मार्च २०२५

चि. प्रियदर्शनीस, आजी नागुबाईचा जयभीम व अ. आ.

वि. वि. फोनवर तू नुसतं हाव हाव करून हो ला हो म्हणतीस, म्हणून हा कागद. लिहिणारी तुझी आई; माझं निम्मं बोलणं लिहायची तिला लाज वाटती. लातूरला कालेजात दगड-लोखंड कसं फुटतं ते शिकून राहिलीस, तर एक सांग. आपल्या गिरणीचा नवा दगड बोलाय लागलाय. दळण लई झालं, पीठ चटका द्यायला लागलं की टिक्. जरा थांबून पुन्हा टिक्. तुझा आजा गेला त्या दिवशी, अंगावर फुटायच्या आधी जुना दगड असाच बोलला होता. मला वाटतं, आजा तुझ्या बापाला, विनोदला, हाक मारून राहिलाय. तिथंही एकट्याला गिरणी जमत नसंल. मी आज्याच्या रीतीनं तापल्या दगडावर ओलं पोतं टाकते. तेवढ्यापुरता गप बसतो.

माया पातळ करू नको.
तुझी आजी

लातूर, ता. ११ मार्च

ती. आजीस सविनय जयभीम.

वि. वि. पत्र वाचून लगेच लिहायला बसले. आजी, तो आजोबांचा आवाज नाही, तड्याचा आहे. दगड फिरताना चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासतात, ताप तिथंच साठतो. दगड फुगतो, चीर पुढं सरकते, तेव्हा ते टिक् वाजतं. त्यात तुझं ओलं पोतं! वरचा भाग गार होऊन आकसतो, आतला तापलेलाच; त्या ओढाताणीत चीर उघडते. आजोबांचा दगडही असाच गेला असेल. पप्पा म्हणतात, ज्वारीचं दळण आटोपू दे, मग बघू. तू त्यांना थांबव. तुला ते भितात.

तुझ्या मायेची,
प्रियदर्शनी

लोहा, ता. १९ मार्च

चि. प्रियदर्शनीस अ. आ.

वि. वि. तुझं पत्र वाचताना आई रडली. मी पोतं वाळत घातलं. विनोद म्हणे, पोरीचं पुस्तक अन् आईचं भूत, मी कुणाचं ऐकू? मग सकाळी मोटार लावायच्या आधी मी पट्टा काढला अन् बुडाखाली घेऊन बसले. दळणाला आलेली देगलूरची शांतम्मा डबा आपटून भांडली. तिला म्हणलं, आज भात खा. शेवटी विनोदनं दगड उतरवला. खालून चीर, बोटभर जागा सोडून आरपार. मग विनोद माझ्याशेजारी पट्ट्यावर येऊन टेकला.

दगड आता दारापुढं ठेवलाय, बसायला. दिवसभर ऊन खातो अन् सांजच्याला निवताना टिक्. तू म्हणशील, चीर. बरं, चीर तर चीर. पण विनोद आत जेवत असतो अन् दगडावर मी असते. म्हणून मीच आज्याला सांगून टाकते, हाव, ऐकलं. पोरीचा निकाल लागू दे, मग बघू यायचं.

सुट्टीला ये, लोभ घेऊन ये.
नागुबाईचा अंगठा