बिशपला कोणी मारलं

पप्पा, तुम्हाला लिहायचं मी कायम पुढे ढकलत आलोय. जहाजाच्या किचनमध्ये होतो तेव्हा म्हणायचो, बंदर लागलं की लिहीन. गोव्यात शॅकवर होतो तेव्हा म्हणायचो, सीझन संपला की. आज लिहितोय, तेसुद्धा पळून येऊन. इथे आखातात, अल दुहैलच्या एका कंपाउंडमधल्या हॉलमध्ये तुमच्या नाटकाची तालीम चाललीय आणि मी "आलोच" म्हणून बाहेर येऊन माझ्या मिनीबसमध्ये एसी लावून बसलोय. हो, हल्ली बस चालवतो. वेस्ट बेच्या हॉटेलांची माणसं सकाळी सोडायची, संध्याकाळी आणायची. बसच्या सावलीत एक मांजर पिल्लं घेऊन बसलंय, निघताना आधी त्यांना उठवावं लागेल. तुम्ही म्हणायचात, "ह्याला रस्ता विचारला की हा वाटेतली दुकानं सांगतो." मुद्द्यावर येतो.

नाटक तेच, वसईला चर्चच्या सणासाठी बसवलेलं आणि कधी न झालेलं. जुनं इंग्लंड, राजाला चर्चच्या जमिनी हव्यात, बिशप नाही म्हणतो, आणि ईस्टरच्या मिस्साच्या प्रार्थनेत सगळ्या दरबारासमोर चषकाला ओठ लावून जागीच कोसळतो. संशय राणीवर, प्रधानावर, मठाच्या प्रमुखावर आणि राजाचं पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरवर. कुठल्याच नाटकाचा शेवटचा प्रवेश तुम्ही कागदावर लिहायचा नाहीत. सणाआधीच्या रविवारी एकेकाला सॅक्रिस्टीत, वेदीमागच्या खोलीत, बोलवायचं आणि कानात सांगायचं, "तू नाहीस." एकालाच फक्त, "तू." मग सगळे स्टेजवर एकमेकांकडे खऱ्या संशयाने बघायचे, ते शिकवावं लागायचं नाही.

मला तुम्ही बिशप केलंत. मी आडवा पडलोय, पोटावर कोकम सरबत सांडलंय, आणि बाकीचे एकेक करून आत जाऊन येतायत. मी विचारलं, "आणि मी?" तुम्ही म्हणालात, "मेलेल्याला पुढचं कळत नसतं. पडून राहा." सगळे हसले, मीही हसलो. पण तो शेजारचा, तुमचा लाडका, फादरचं काम करणारा, तो आत गेला तेव्हा मी एक डोळा किलकिला करून बघितलं. दार अर्धं उघडं होतं. त्याच्या कानात तुम्ही बराच वेळ बोललात. "तू नाहीस"ला एवढा वेळ लागत नाही पप्पा. आणि बोलून झाल्यावर त्याच्या खांद्यावर हात ठेवलात.

तो हात मी अजून बघतो. तसा मी त्याला आपल्या किचनमध्येही बघायचो. टेबलावर तो तुम्ही घातलेली गणितं सोडवतोय, आई बोंबील तळतेय, आणि तुम्ही तुमच्या ताटातला कुरकुरीत बोंबील उचलून त्याच्या ताटात टाकताय, "डोकं चालवतो, त्याला लागतं." मी समोर नुसता भात कालवतोय. नववीनंतर मी शाळा सोडली तेव्हा तुम्ही ओरडलासुद्धा नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं, निदान माझ्या कानाशी आला असतात.

सणाआधीच तुम्ही गेलात. मातीनंतर हळूहळू एकेकाने मला सांगितलं, मी नव्हतो, मी नव्हते. उरला तो. त्याला मी कधी विचारलंच नाही. तो इथे रास लफानच्या गॅस प्लांटवर इंजिनिअर आहे, माझ्याआधीपासून. इथे सुट्टी शुक्रवारची, चर्चला दर शुक्रवारी दिसतो आणि मी दुसऱ्या दाराने निघतो.

आता इथल्या वसईवाल्यांना नाटक हवंय, परवाच्या शुक्रवारी. मी फुशारकीने म्हणालो, माझ्याच पप्पांचं आहे, मला सगळं पाठ आहे. आहेच. राणीचं काम करणारी नर्स आज तालमीत कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो बिशप, खलास, पुरे झालं. मी तुम्हाला मारलं की नाही तेवढं सांगा. मला नाईट ड्यूटीला जायचंय." प्रधान म्हणाला, "तुला माहीत नसेल तर त्या रास लफानवाल्याला फोन कर ना, तो होता म्हणे त्यात." मी म्हणालो, त्याचा नंबर नाही माझ्याकडे. नंबर आहे. पण फोन केला तर तुमचा शब्द त्याच्या तोंडून ऐकावा लागेल, आणि मी पुन्हा आडवाच.

थांबा, कोणीतरी काच वाजवतंय.

नर्स होती. म्हणाली, "चिडू नका, फोन मी केला. ड्यूटीवरून परतीच्या वाटेतच होता. आलाय तो, हॉलमध्ये बसलाय, अंगावर कंपनीचा ओव्हरऑल तसाच." मी विचारलं, काय म्हणतो, कोणी मारलं? ती म्हणाली, "त्याला कुठं ठाऊक? तुमचे पप्पा त्याला म्हणाले होते, तू नाहीस, आणि कोण ते माझ्या पोराला विचार, तो ठरवेल. तो म्हणतो, इतकी वर्षं मी वाट बघितली, ह्याने सांगायची, आणि हा दुसऱ्या दाराने पळतो."

पप्पा, मला आधी बरंच वाटलं, की त्यालाही माहीत नाही. मग कळलं, मी ठरवायचं होतं हेसुद्धा तुम्ही त्याच्याच कानात सांगितलंत. हॉलच्या दारात तो उभा राहिलाय, इकडेच बघतोय. मांजराला उठवत नाही, बस इथेच राहू दे. कोणी मारलं ते मी अजून ठरवलेलं नाही.