मोडेमची वायर मी लावणार नाही

आदरणीय थोरले भावोजी यांस,

कोचकोर गावाहून धाकट्या भावजयीचा कमरेत वाकून सलाम. जाऊबाईंच्या गुडघ्यांना आराम पडो, नातवाला दात येताना त्रास न होवो आणि तुमचा रक्तदाब आहे तिथेच राहो. (आत्ता एकदा मोजून घ्या, पत्र संपल्यावर पुन्हा मोजा.) इकडे सगळं ठीक. आईंना खोकला नाही, भूक आहे, दात नाहीत. हे, म्हणजे तुमचे धाकटे बंधू, सकाळपासून गोठ्यात गाईची मनधरणी करताहेत. बर्फ गुडघाभर साचलंय, लाकडं पुरतील इतकी आहेत, आणि मोडेमची वायर माझ्या लग्नातल्या पेटीत कुलपात आहे. किल्ली कुठे आहे ते विचारू नका. ह्यांनाही माहीत नाही, त्यांना फोन करून काही उपयोग नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. भावोजी, फोनवर तुम्ही बोलता आणि मी ‘हो’ म्हणते. लग्न होऊन आल्यापासून तेच चाललंय. थोरल्या दिरासमोर सुनेने आवाज चढवायचा नसतो, आणि मी तो कधी चढवलेला नाही, हे तुम्हीही कबूल कराल. पण या वेळी मला ‘नाही’ म्हणायचंय, आणि ते हळू आवाजात म्हणता येईना. कागदावर आवाज चढवलेला चालतो का, म्हणून आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘चालतो गं. अक्षर तेवढं चांगलं काढ.’’ तेव्हा अक्षर बघा आणि पुढे वाचा.

आता पहिल्यापासून सांगते. कारण तुम्ही अल्माटीला वन्संना फोन करून जी हकीकत सांगितलीत ती माझ्यापर्यंत पोचली आहे, आणि तिच्यात ‘तिकडे बर्फ पडतंय’ एवढंच वाक्य खरं आहे. घरातल्या जुन्या फोटोंची ट्रंक कुणी उघडली? मी. एकेक फोटो कापडाने पुसून यंत्राखाली कुणी धरला? मी. तुम्ही नवा कॉम्प्युटर घेतलात आणि जुना आम्हाला पाठवून दिलात, त्याबद्दल उपकार मानते. (त्याच्या आतला पंखा अधूनमधून खोकतो, पण या घरात खोकणाऱ्याला कुणी बाहेर काढत नाही.) मग तुम्ही बिश्केकहून फोनवर मला शिकवलंत की आता तिन्ही कॉम्प्युटर, तुमचा, वन्संचा आणि आमचा, सिंक झालेत. म्हणजे काय, तर एका ठिकाणी फोटो घातला की तो तिन्ही ठिकाणी दिसणार. मी म्हटलं, वा, म्हणजे एक घर जळालं तरी दोन घरांत फोटो राहतील! तुम्ही म्हणालात, ‘‘अगदी बरोबर.’’ एका ठिकाणी पुसला की तो तिन्ही ठिकाणी पुसला जाणार, हे मात्र तुम्ही तेव्हा बोलला नाहीत. तुम्ही महाविद्यालयात मुलांना असंच अर्धं शिकवत होता का?

आणि मग मूळ फोटो ‘सुरक्षित राहावेत’ म्हणून तुम्ही टॅक्सीवाल्याबरोबर मागवून घेतलेत. गॅरेजमध्ये ठेवलेत. गॅरेजमधला नळ फुटला. जाऊबाईंनी मला सगळं सांगितलंय. (त्यांच्यावर चिडू नका, त्या रडत होत्या.) आपले सगळे पूर्वज एकमेकांना चिकटून त्यांची एक वीट झाली आहे, आणि ती तुम्ही रेडिएटरवर सुकत ठेवली आहे. असो. सुकू दे.

आता नावांचं. त्या फोटोंच्या प्रोग्रामला एक खोड आहे. चेहरा दिसला रे दिसला की विचारतो, ‘हे कोण?’ आपल्याकडे सून सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं घेत नाही, हे तुम्ही शहरात राहून विसरला असाल. मी विसरलेले नाही. बाबांचं नाव एका शिकारी पक्ष्याचं. कोणत्या ते मी लिहिणार नाही, वडील तुमचेच आहेत. (तो पक्षी डोक्यावरून गेला तरी मी ‘अगंबाई, ते बघा वर काय चाललंय’ एवढंच म्हणते.) तर बाबांना आम्ही सुना आपापसांत ‘पंखवाले बाबा’ म्हणत आलो. मोठ्या आत्याबाई म्हणजे ‘गोडचहा’, कारण त्यांच्याकडे न विचारता कपात साखर पडते. आणि तुम्ही ‘पुस्तकवाले’. आमच्या लग्नात सगळे नाचत होते आणि तुम्ही कोपऱ्यात पुस्तक वाचत बसला होता, तेव्हापासून. नाव मानाचं आहे, तक्रार करू नका. दुसऱ्या एका जावेने सुचवलेलं नाव मी तेव्हा मोडून काढलं होतं.

हे मला म्हणाले, ‘‘अगं, टाइप करणं म्हणजे काय तोंडाने म्हणणं आहे का? घाल खरी नावं आणि मोकळी हो.’’ मी आईंकडे बघितलं. आईंनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, ‘‘इतकी वर्षं जीभ आवरलीस, आणि आता बोटं मोकाट सोडतेस होय गं?’’ झालं. मी सगळ्यांना आमची नावं दिली. तिकडे तुमच्या कॉम्प्युटरवर तुम्ही तुमची नावं दिलीत, खरी, जन्मदाखल्यावरची. त्यामुळे घरातलं प्रत्येक माणूस दोनदा झालं. यात माझा काही अपराध आहे असं मला वाटत नाही. सासरी माणसाला दोन नावं असतातच, एक पुरुषांनी हाक मारायचं आणि एक बायकांनी.

मग एके दिवशी तुम्हाला साफसफाईची लहर आली. यादीत आपल्या खानदानात नसलेली नावं दिसली. तुम्ही सात पिढ्यांची नावं घडाघडा म्हणता, लग्नांत पाहुण्यांसमोर म्हणून दाखवता, आम्ही कौतुकाने ऐकतो. पण त्या सात पिढ्यांना चहा ओतणाऱ्या बायका त्यांना मागून काय म्हणत होत्या, हे तुम्हाला एकाचंही ठाऊक नाही! ‘पंखवाले बाबा’ म्हणजे तुम्हाला वाटलं पर्यटकांसाठी हातावर गरुड घेऊन उभा राहणारा कुणीतरी. ‘गोडचहा’ ही जाहिरात वाटली. ‘पुस्तकवाले’ म्हणजे कुणी विक्रेता आपल्या घरच्या सगळ्या लग्नांत घुसलाय असं वाटलं. एकही फोटो उघडून न बघता, नुसत्या नावावरून, तुम्ही सगळे निवडलेत आणि पुसलेत. वर कचरापेटीही रिकामी केलीत, आणि तसं फोनवर ह्यांना अभिमानाने सांगितलंत. भावोजी, स्वतःला स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकून वर ‘आता कसं स्वच्छ वाटतंय’ म्हणणारा माणूस आपल्या सात पिढ्यांत झाला नव्हता. सात पिढ्या म्हणून झाल्या की हेही म्हणत जा.

त्याच वेळी वन्सं अल्माटीला बाबांचे फोटो बघत बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक चौकोन रिकामा होत गेला. त्यांना वाटलं आपल्यालाच काहीतरी होतंय, डोळ्यांवर झापड येतेय. त्यांनी घाबरून आधी खिडकी उघडली आणि मग मला फोन लावला.

आणि आमच्याकडे का पुसले गेले नाहीत? कारण आमच्याकडे त्या दिवशी सोगूम होता. हिवाळ्याच्या बेगमीचा घोडा कापला होता, अंगणात शेजारपाजार जमलेला, मी कोपरापर्यंत चरबीत, आणि खिम्याचं यंत्र लावायला भिंतीत एकच सॉकेट. त्यात तुमचं मोडेम. त्यावर ह्यांच्या अक्षरात चिठ्ठी: ‘थोरल्यांची आज्ञा, कधीही काढू नये.’ मी काढलं. तुमची आज्ञा मी आयुष्यात पहिल्यांदा मोडली, ती सॉसेजसाठी मोडली, आणि त्याचा मला जरासुद्धा पस्तावा नाही. वन्संचा रडका फोन आला तेव्हा आमचा कॉम्प्युटर शांतपणे बाबांचे सगळे फोटो पोटाशी धरून बसला होता. माझ्या जिवात जीव आला. मी हात धुतले, वायर गुंडाळली आणि पेटीत टाकली.

तेव्हापासून तुम्ही रोज फोन करता. ‘‘वायर लाव, मग मी सांगतो तसं कर.’’ नाही. ‘‘अगं, मी त्याला सांगणार आहे की कोचकोरचंच खरं धर.’’ तो तुमचं ऐकेल याची मला पक्की खात्री आहे, भावोजी, आणि म्हणूनच भीती वाटते. मागच्या वेळीही त्याने तुमचंच ऐकलं. ‘‘तो जुना झालाय, कुठल्याही क्षणी बंद पडेल.’’ कुरकुरतो, हे खरं. मीही कुरकुरते आणि अजून चालतेय. ‘‘तू अडाणीपणा करतेयस.’’ करतेय. वन्संनीही निरोप पाठवला, वहिनी, हट्ट सोड. त्यांनाही तेच उत्तर. आणि शेवटी तुम्ही ह्यांच्या तोंडून निरोप दिलात की ‘थोरला म्हणून सांगतोय’. या घरात कुरण कुणाला द्यायचं, मुलीला कुठे शिकवायचं, छताला रंग कोणता द्यायचा, सगळं तुमच्या शब्दावर झालं. (छत निळं आहे. मला हिरवं हवं होतं. मी बोलले का?) पण हे नाही. तुम्ही थोरले आहात, मोडेम थोरलं नाही.

मला बाबांची आठवण येते, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मी या घरात आले तेव्हा नव्या नवरीच्या पडद्यामागे बसून रडत होते, आणि बायका मला समजावून समजावून थकल्या होत्या. बाबा आले, माझ्यासमोर गरम दुधाचा वाडगा ठेवला आणि काही न बोलता निघून गेले. त्यांच्या मागे एक कोकरू आत शिरलं होतं, तेही घेऊन गेले. त्या माणसाचा टोपी तिरकी झालेला, तोंडभर हसणारा एकच फोटो आहे, आणि तो आज या अख्ख्या जगात फक्त माझ्या खोकणाऱ्या खोक्यात आहे. तुमच्याकडे वीट आहे. तेव्हा पोलीस आणा, मुल्ला आणा, इंजिनिअर आणा, मी वायर लावणार नाही.

शिवाय आईंचं काम चाललंय. रोज सकाळी चहा घेऊन त्या कॉम्प्युटरसमोर बसतात, माऊस दाबायला शिकल्या आहेत. जुन्या फोटोंतल्या निम्म्या चेहऱ्यांची नावं त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नाहीत. त्या सांगतात, मी लिहिते. कुणी युद्धावरून परत आला नाही, कुणी दुसऱ्याच्या घोड्यावर बसून फोटो काढून घेतला आणि घोडा आपलाच म्हणून सांगत राहिला. काही सकाळी भराभर सांगतात. काही सकाळी नुसत्या बघत बसतात आणि चहा निवतो. ते सगळं मी तुमच्या एका साफसफाईच्या तोंडी देऊ? अजिबात नाही.

जाऊबाईंना सांभाळा, मीठ कमी खा, आणि रागावलात तर खुशाल रागवा.

तुमची आजवर आज्ञाधारक,
बुरुल

ता. क. हे पत्र ज्या टॅक्सीवाल्याने आणून दिलं त्याच्याकडेच सॉसेज आणि लोण्याची बरणी आहे. सॉसेज त्याच दिवसाचं. उकळायला ठेवताना सुईने टोचा, नाहीतर फुटेल. बरणी परत हवी.

ता. क. २. खरं काम राहिलंच. बाहेरून जोडायची एक साधी डिस्क असते म्हणे, जिला कुणाचंच ऐकू येत नाही, नुसतं सांभाळायचं कळतं. तशी एक हवी. पण ती टॅक्सीवाल्याबरोबर पाठवू नका, मी परत पाठवीन. पोस्टानेही नको. तुमच्या हातानेच हवी. घाटात बर्फ आहे, टायर जुने आहेत, कंबर धरली आहे, हे सगळं मला पाठ आहे. आईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या आधीपासून पाठ आहे. उन्हाळ्यातही घाटात बर्फ असतं हे मी तुमच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. त्या घाटातून टॅक्सीवाला रोज येतो, त्याच्या शेजारी बसा.

ता. क. ३. हे लिहिणार नव्हते. शरदात तुम्ही नातवाला मांडीवर घेतलेला फोटो पाठवला होता, तो वायर काढण्याआधीच इथे पोचला होता. काल त्या प्रोग्रामने तो फोटो आणि तुमच्या लग्नातला फोटो शेजारी शेजारी मांडले आणि विचारलं, ‘ही दोन्ही माणसं एकच आहेत का?’ मी चहा ओतत होते. आई पुढे सरकल्या. या चेहऱ्याकडे बघितलं, त्या चेहऱ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, ‘‘हा तर माझा थोरला. आणि हे म्हातारे कुणाकडचे गं?’’ आणि ‘नाही’ दाबलं. ते मला दुरुस्त करता येतं, भावोजी. मी केलेलं नाही.