पुरीतल्या एकादशीचा भात

बेहाला, कलकत्ता
कोजागरीनंतरचा रविवार

पूजनीय शिबतोषदा यांच्या चरणी,

विजयेचा प्रणाम. तो खरं तर दशमीलाच पोचायला हवा होता, पण कालीपूजेपर्यंत चालतो असं आई म्हणते. तिने दिलेल्या या सवलतीत मी हे पत्र बसवतो आहे. तुमचा गुडघा कसा आहे? चहाच्या बागेतल्या उतरणी कोणाच्या गुडघ्याला विचारून केलेल्या नसतात, तेव्हा सांभाळून चाला. संध्याकाळी कारखान्यातून परतताना मफलर बांधता ना, असं तनिमाने विचारलं आहे. (खरं म्हणजे या वेळी तिने काहीच विचारलेलं नाही. दर पत्रात विचारते, म्हणून मी आपलं लिहिलं.) आई बरी आहे. आत्याबद्दल, म्हणजे पिशीबद्दल, पुढे लिहितो.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना धाकधूक नको. तुमच्या भाच्याच्या तोंडात भात गेला. पुरीला, एकादशीच्या दिवशी. तुमच्या हातून नव्हे.

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तुमच्या बागेचा फोन मॅनेजरच्या बंगल्यात, आणि मॅनेजरसमोर उभं राहून ऐकावी अशी ही बातमी नाही. पहिला घास मामाने भरवायचा, हे तुम्हाला मी सांगायला नको. आईवडील गेल्यावर तनिमाला तुम्हीच वाढवलंत. तिच्या माहेरचं म्हणून अन्नप्राशनाला बसायला तुमच्याशिवाय कोणी नाही. सहाव्या महिन्यात करायचं, तर तुमच्याकडे पानांची तोडणी ऐन भरात होती आणि रजा मिळेना. मग सातवा सोडून (मुलाला विषम महिना चालत नाही, का, ते पुरोहितालाही आठवत नव्हतं) आठव्यावर ढकललं. तुम्ही जलपाईगुडीच्या सोनाराकडे पहिल्या घासासाठी चांदीची वाटी करायला टाकलीत. बागेतल्या डॉक्टरांच्या मुलीला पायेसची खीर भरवून सराव केलात आणि तिने बोटाला चावा घेतला, हे तुमचं पत्र तनिमाने आम्हाला जेवताना वाचून दाखवलं होतं. ते वाचून झाल्यावर ती बराच वेळ मान खाली घालून होती, जेवली नव्हती. आम्हाला वाटलं, हसतेय.

आता तुम्ही विचाराल, इतक्या लहान बाळाला घेऊन दुर्गापूजेच्या गर्दीत पुरीला जायचं काय अडलं होतं. अडलं काहीच नव्हतं. पण पुटुशच्या जन्मापासून जो भेटेल तो आम्हाला एकच सल्ला देत होता, की मूल कडेवर आहे तोवर हिंडून घ्या, पुढे शाळा सुरू झाली की संपलं. हे सांगणाऱ्यांपैकी कोणीही मूल कडेवर असताना कुठे गेलेलं नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. शिवाय आमच्या खिडकीखाली पूजेचा मांडव. ढाकचा ढोल वाजायला लागला की पुटुश गाढ झोपतो आणि थांबला की किंचाळत उठतो. ढाकवाल्यांना कधीतरी जेवावंच लागतं. (मी त्यांना आळीपाळीने जेवा असं सुचवून पाहिलं. मंडळाच्या सेक्रेटरीने माझ्याकडे असं पाहिलं, की यंदाची वर्गणी मी नुसती दिली नाही, तर निमूटपणे दिली.) तेव्हा शांततेसाठी पुरी ठरली. गल्लीतल्या माणसांपासून चार दिवस सुटका, हाही हेतू होता. हॉलिडे होमवर पोचलो तर शेजारच्या खोलीच्या दारात घोषालबाबू लुंगी वाळत घालत होते. कलकत्त्यात ते आमच्या वरच्या मजल्यावर असतात. तिथे निदान मधे छत असतं.

सामानाचं सांगत नाही. आईने स्टोव्ह घेतला, कुरमुऱ्यांचा डबा घेतला, बाळाची मच्छरदाणी, मोहरीचं तेल, आणि पुरीला मोहरीचं तेल नसेलच असं समजून आणखी मोहरीचं तेल. पिशीने पुटुशसाठी लोकरीची मंकी कॅप विणली होती. समुद्राचा वारा एकदा कानात शिरला की म्हातारपणापर्यंत निघत नाही, असं ती म्हणते. आश्विनातल्या उकाड्यात ते पोर पुरीच्या वाळूवर लाल मंकी कॅप घालून बसलं होतं, आणि समोरून जाणारी प्रत्येक बंगाली बाई थांबून आम्हाला बजावत होती, की बाळाच्या गळ्याला वारा लागतोय. गाडीत तो इतक्या मांड्यांवरून हिंडून आला, की परतला तेव्हा कपाळावर काजळाचा टिळा होता आणि एका पायात दुसऱ्या कुणाच्या बाळाचा मोजा. तो मोजा अजून आमच्याकडे आहे. समुद्र पाहून बाळ थक्क होईल असं सगळे म्हणाले होते. आम्ही त्याला लाटांसमोर धरलं, फोटोवाला आला, आई नुलिया कोळ्याचा हात धरून साडीसकट पाण्यात उतरली, घोषालबाबू आमच्या फोटोत येऊन उभे राहिले. पुटुश झोपला. उठला तेव्हा त्याने वाळू खाल्ली, चांगली मूठभर. भाताच्या आधी त्याच्या पोटात वाळू गेली, पण तिच्यावर कुणाच्याच मामाचा हक्क नसावा, कारण त्यावर घरात एक शब्द झाला नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र आम्ही नीट सांभाळत होतो. हा मुलगा आता भाताकडे बघतो, दादा. कुणाचाही हात पानावरून तोंडाकडे निघाला की याची मान हाताबरोबर वर जाते आणि हाताबरोबर खाली येते. तनिमा त्याला जेवणाच्या वेळी उचलून बाहेर नेत असे. "मामा येईपर्यंत दम धर," असं त्याला सांगत असे. गंमत म्हणून नाही. ती खरोखरच समजावत असे.

आता पिशीचं. तुम्ही तिला आमच्या लग्नात पाहिलं आहे. पांढऱ्या साडीत, भांडाराच्या किल्ल्या घेऊन, कुणाला किती रसगुल्ले गेले हे बघत होती ती. बाबांची धाकटी बहीण. ती विधवा झाली तेव्हा आजच्या तनिमाहून लहान होती, मूल नव्हतं, आणि ती आमच्या घरी आली ती कायमची. तेव्हापासून एकाही एकादशीला तिने भात खाल्लेला नाही. तापात नाही, टायफॉइडमधून उठली तेव्हाही नाही. लहानपणी मी तिला विचारलं होतं, की एकादशीला भात खाल्ला तर काय होतं. ती म्हणाली, काय होणार, भात संपतो. पण खाल्ला नाही.

पुरीत मात्र एकादशीला महाप्रसाद चालतो. जगन्नाथाने तिथे एकादशीला उलटं टांगून ठेवलं आहे म्हणतात. तो भात भात राहतच नाही, महाप्रसाद होतो, आणि त्याला कोणीही नाही म्हणायचं नसतं. पिशी हे जन्मभर ऐकत आली होती. पण ती आणि पुरी आणि एकादशी, असं एका ठिकाणी कधी जमलं नव्हतं. आमच्या या सहलीत तिला समुद्रात रस नव्हता की हवेत. ती पंचांग बघून आली होती. हे मला त्या सकाळी कळलं, ती अंघोळ करून पंड्याबरोबर देवळात गेली आणि मातीच्या भांड्यातला भात-डाळ पानाने झाकून, दोन्ही हातांत धरून घेऊन आली तेव्हा. रिक्षात बसली नाही. हिंदकळेल म्हणाली.

व्हरांड्यात केळीची पानं मांडून आम्ही बसलो. पुटुश माझ्या मांडीवर. तनिमा आत त्याची बाटली उकळत होती. जेवायची वेळ नव्हती, त्यामुळे त्याला बाहेर न्यायचं तिच्या ध्यानात आलं नाही, आणि माझ्याही. पिशीने पहिला घास घेतला आणि खूप वेळ चावत राहिली. मग माझ्याकडे पाहून हसली. पिशी हसते, नाही असं नाही, पण ती नेहमी कोणाला तरी हसते. हे हसणं कोणाला नव्हतं. पुटुशची मान तिच्या हाताबरोबर वर गेली होती. तिने बोटांच्या टोकांवर थोडी शितं घेतली, डाळीत मऊ केली, आणि हात त्याच्याकडे नेला.

मला वेळ होता, दादा. "पिशी" म्हणण्याइतका वेळ होता. नुसतं मूल दुसऱ्या मांडीवर घ्यायलाही पुरला असता. मी म्हटलं नाही आणि मूल हलवलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. शितं त्याच्या तोंडात गेली. पिशीने डोळे मिटून हात कपाळाला लावले.

तेवढ्यात तनिमा बाटली घेऊन दारात आली. तिने पुटुशच्या हनुवटीवरचं शीत पाहिलं. तिचं बघणं पिशीने पाहिलं, आणि काय झालं ते पिशीला तेव्हा उमगलं. मला वाटतं, तोवर तिच्या मनात मामा-भाचा काही नव्हतंच. ती घाईघाईने म्हणाली, "भात नव्हे गं, बउमा. महाप्रसाद. माझी एकादशी मोडली नाही, तर त्याचं अन्नप्राशन कसं होईल?" युक्तिवादात मला चूक सापडत नव्हती. आईने भरल्या तोंडाने मान हलवली. शेजारच्या व्हरांड्यातून घोषालबाबूंनी (ते ऐकत होते, हे सांगायला नकोच) शंका काढली, की भात नव्हे तर मग पोट कसं भरतं.

तनिमाने पदराने हनुवटी पुसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "दादाला कोण सांगणार?"

पिशीचा हात पानावर तसाच राहिला. उरलेला महाप्रसाद तिने खाल्ला नाही. टाकायचा नसतो म्हणून आईने आणि मी संपवला. इतका बेचव घास मी पुरीत दुसरा खाल्ला नाही, आणि हॉलिडे होमचा स्वयंपाकी ओळखीचा आहे. परतीच्या गाडीत पुटुशला मांडीवर मागायला आलेल्या बायकासुद्धा आमची तोंडं पाहून परत गेल्या.

तनिमाच्या प्रश्नाचं उत्तर हे पत्र आहे. आम्ही गेलो नसतो तर हे झालं नसतं. किंवा ढाक ऐकत घरी राहिलो असतो, तुम्ही आला असता, आणि पिशी पुरीची एकादशी न बघताच राहिली असती. कशाचं वाईट वाटून घ्यावं ते मला नीट ठरवता येत नाही. म्हणून दोन्हीचं वाटतं. सोनाराकडची वाटी रद्द करू नका, एवढं मात्र मागतो.

आपला,
दिव्येंदु

ता. क. जे लिहायला बसलो होतो ते राहिलंच. पुरीहून आल्यापासून पिशीने भात सोडला आहे. आईने खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "ज्याचा घास मी घेतला, त्याने भरवल्यावर खाईन." ती खात नाही म्हणून आईच्या घशाखाली उतरत नाही, आणि या दोघी खात नाहीत तिथे तनिमा आणि मी कोणत्या तोंडाने मागणार? घरात रुट्या होतात. आई लाटते. त्या गोल नसतात हे चालेल, सपाटही नसतात. इलिश माशाच्या रश्श्यात भाताऐवजी रुटी बुडवताना बाबांच्या तसबिरीकडे बघवत नाही. पिशीला गव्हाने पोट जळतं आणि ती चार दिवसांत उतरली आहे. तुम्ही अग्रहायण महिन्याच्या शेवटी येणार होतात. महिना लागल्या लागल्या पहिल्या मुहूर्ताला येता येईल का? मॅनेजरला काय कारण सांगायचं ते तुम्ही बघा. घरात उपासमार आहे असं सांगितलंत तर ते खोटं नाही.

आणखी एक. पुटुशने तो भात गिळला नाही. पिशीने डोळे मिटले होते तेव्हा त्याने तो सगळा माझ्या तळहातावर थुंकला आणि मी मूठ मिटली. एक शीत हनुवटीला राहिलं, तेच तनिमाने पाहिलं. हे मी वर लिहिलं नाही, कारण हात मी अडवला नाही, आणि त्याने थुंकलं म्हणून मी अडवला असं होत नाही. तनिमाला आज सकाळी सांगितलं. आधी ती खूप हसली. मग मी पिशीला सांगायला उठलो, तर तिने मला हाताला धरून बसवलं. म्हणाली, "तिने जन्मात एकाच बाळाला भरवलं. ते थुंकलं म्हणून सांगणार तिला?"

तेव्हा दादा, तुमचा पहिला घास शाबूत आहे. पिशीला मात्र माफ करायला या. आणि माफ करण्याआधी थोडा राग दाखवा, नाहीतर तिला संशय येईल.