जिताड्याची दुबार पेरणी

रत्नागिरी, ५ जुलै २०२५

ती. आप्पांस वैष्णवीचा सा. न. वि. वि.

आप्पा, आमच्या प्रयोगशाळेतल्या जिताडा माशानं अंडी घातली! सकाळपासून मी नुसती नाचायलेय. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही अन् कानाच्या मशीनचं नाव काढलं की तुम्ही नाक मुरडता, म्हणून लिहिते.

गाड्यांचा, कारखान्यांचा धूर समुद्र पितो अन् त्याचं पाणी हळूहळू आंबट होतंय. जिभेला कळत नाही, माशांना कळतं. आम्ही एका टबात आजचं पाणी घेतलंय, दुसऱ्यात पुढं होईल तसं आंबट. दोन्हीत अंडी सोडलीत. कुठली पिल्लं कशी वाढतात ते बघायचं.

तुमची अट ध्यानात आहे. या हंगामात काम फळलं नाही तर सेलूच्या शाळेतली नोकरी धरायची. फळणार, बघाच! आईला लवकर पाठवा.

जीव लावता तसाच लावत राहा.
वैष्णवी

वालूर, ९ जुलै

चि. वैष्णवीस आप्पाचे अ. उ. आ.

पोरी, ही तर आपली उगवण तपासणीच की! पेरायच्या आधी आमी ओल्या पोत्यात दाणे गुंडाळतो, तसंच. फक्त तुझं पोतं समुद्राचं.

आई उद्या निघायलीय. पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी अन् ढीगभर लिंबं. लेकीच्या कामाला नजर लागंल म्हणती. तेवढं बरं मला ऐकू आलं! तिला टबाजवळ लय फिरकू देऊ नको. अट मात्र कायम हाय.

आशीर्वाद भरपूर धाडलेत, कमी पडले तर कळव.
आप्पा

रत्नागिरी, १४ जुलै

ती. आप्पांस सा. न.

घात झाला, आप्पा. मी जेवायला गेले तेवढ्यात आईनं लिंबू चिरून चांगल्या पाण्याच्या टबावरून उतरवलं. तिथली पिल्लं गुटगुटीत, म्हणून नजर त्यांनाच लागणार म्हणे! फोडी चौकात टाकायच्या असतात. इथं चौक सापडेना, म्हणून तिनं त्या टबातच पिळल्या.

सगळी पिल्लं मेली. मी नको तेवढं ओरडले. आई जेवत नाही, रडते नुसती. प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणतात, चांगल्या पाण्यातली पिल्लंच नसतील तर दुसऱ्या टबाची तुलना कशाशी करायची? मादी पुन्हा अंडी देईल का, कुणालाच सांगता येत नाही. मी बॅग भरून ठेवलीय. आईवर रागावू नका.

तुमचीच, हरलेली
वैष्णवी

वालूर, १८ जुलै

चि. वैष्णवीस अ. उ. आ.

खुळी का काय तू? पत्र वाचून आधी पोट धरून हसलो. मग पारावर शेजारच्या महारुद्रला सांगितलं. त्यो म्हणला, एका लिंबानं टब मेला, तर आख्खा समुद्र आंबल्यावर काय व्हईल? तुझं काम मला बी आत्ता कुठं कळालं.

यंदा खालच्या वावरातलं सोयाबीन उगवलं न्हाई. म्हणून मी काय सेलूला नोकरी धरली? दुबार पेरणी करायलोय. तू बी कर. त्याला बापाला इचारावं लागत न्हाई. अट मोडली.

आईला जेवू घाल. उरलेल्या लिंबांचं लोणचं घाल, आज्ञा समज.
आप्पा

रत्नागिरी, ९ ऑगस्ट

ती. आप्पांस सा. न. वि. वि.

दुबार पेरणी उगवली, आप्पा! मादीनं पुन्हा अंडी दिली, दोन्ही टबांत पिल्लं तगली! आईनं यावेळी लांबूनच हात जोडले.

अन् ऐका तर! आंबट पाण्यातली पिल्लं बारकी राहिली. माशाच्या कानात इवलासा खडा असतो, त्यावर त्याचं ऐकणं अन् तोल चालतो. आंबट पाण्यातल्यांचा तो खडा मोठा निघाला! त्यांना ऐकू नीट येतं का, ते आता शोधायचं. मॅडमनी आणखी एक वर्ष दिलंय.

हे सगळं तुम्हाला ओरडून सांगायचंय अन् तुम्हाला ऐकूच येत नाही, याचा इतका राग येतो ना!

रागावलेली, तरी तुमचीच
वैष्णवी

वालूर, १४ ऑगस्ट

चि. वैष्णवीस अ. उ. आ.

परभणीला जाऊन कानात मशीन बसवून आलो. जगात लय गलका हाय गं. चिमण्या एवढ्या वरडतात, हे इसरूनच गेलो होतो.

माशाच्या कानाचं पहिल्यापासून सांग. आता पत्र नको. फोन कर.
आप्पा