नाकात एक थेंबही नको

सुगला,

मी मोंढ्याच्या बाजारात निघालोय. तू लिंगपूजेला बसलीस म्हणून हाक मारली न्हाई. दहाला मालिशवाली येईल. नातवाच्या अंगाला तेल खुशाल लावू दे, पण नाकात, कानात एक थेंबही न्हाई. लातूरच्या डॉक्टरांनी काल घरी सोडताना बजावलंय: नाकातलं तेल फुप्फुसात उतरलं, म्हणूनच दोन महिन्यांच्या लेकराला न्यूमोनिया झाला. "आमची चारही लेकरं अशीच वाढली" हे मालिशवालीला सांगत बसू नकोस. ती लगेच वाटी उचलेल.

आणखी एक. "तेल कुणी घातलं?" असं डॉक्टरांनी दरडावून विचारलं, तेव्हा सूनबाई "मीच" म्हणाली. तू शेजारीच उभी होतीस. एरवी गल्लीला ऐकू जाईल एवढं बोलणारी बाई, तेव्हा नुसती पदर सावरत राहिलीस. पोरीनं तुझ्या वाटची बोलणी खाल्ली आणि घरी येऊन अवाक्षर काढलं न्हाई. उद्या तिचे वडील तिला बाळासकट माहेरी न्यायला येणार हायत. त्याआधी तिच्याशी बोल. माझ्यादेखत तुला जमायचं न्हाई, हे मला ठाऊक हाय. म्हणून आज डबा घेऊन चाललोय. संध्याकाळशिवाय येत न्हाई.