चौथ्या ओळीतले फूल

पंचवटी, नाशिक

तीर्थरूप अंजलीअक्कास,

धाकट्या सुवर्णाचा नमस्कार. तुझा गुडघा, भाऊजींचे बीपी आणि चाळीत साठवलेला कांदा, तिघेही ठीक असावेत. (फोनच केला असता, पण फोनवर तूच बोलतेस.)

आपली हर्षाली गणित आणि साहित्य यांच्या संबंधावर पीएचडी करते, हे मी तुला सांगितले आहेच. भाजीवाल्यालाही सांगितले आहे. शेजारच्या कुसाबाईंना वाटते, पोरगी दोन्हीत कच्ची म्हणून तिला दोन्ही अर्धे अर्धे दिले. त्यांना मी तासभर समजावले की कवितेत मोजमाप असते आणि गणितात सौंदर्य असते. शेवटी त्यांनी विचारले, "मग नोकरी कशात लागंल?" तेव्हापासून मी त्यांच्याशी बेताचेच बोलते.

परवा कॉलेजात तिचे भाषण झाले. मी पैठणी नेसून पहिल्या रांगेत. विषय होता आपले हार ओवायचे गाणे. एका शब्दाला एक फूल, आठ शब्दांची ओळ, ओळ संपली की पान. पडद्यावर गाणे आणि शेजारी हाराचे चित्र दिसताच माझा हात आपोआप सुई धरल्यासारखा चालू लागला आणि मी गाऊ लागले. (सगळे वळून बघत होते. मला वाटले, कौतुकाने.) मग एका सरांनी विचारले, चौथ्या ओळीत शब्द सातच, मग फुले आठ कशी? यावर हर्षाली वीस मिनिटे बोलली. कोणा अज्ञात कवयित्रीने तिथे मुद्दाम शून्य ठेवले आहे, म्हणाली. अख्खा प्रबंध त्या रिकाम्या जागेवर उभा आहे. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात माझ्या. असे डोके आपल्या घरात निपजले, याचा मला फार अभिमान वाटतो.

तुझी,
सुवर्णा

ता. क. रविवारी ते सर हर्षालीबरोबर तुझ्याकडे गाणे ऐकायला येत आहेत. चौथ्या ओळीत तू तोंड मिटून घे. आई तिथे गप्प राहून फूल ओवायची, कारण तिथे बाबांचे नाव होते आणि तिने ते कधी उच्चारले नाही. तू मात्र "गोटीराम" म्हणून ओरडायचीस आणि धपाटा खायचीस. गाणे आईनेच रचलेले, पण पीएचडीला आपली आई कशी चालेल, म्हणून मी नुसते "जुने आहे" सांगितले. पोरीचे तीन वर्षांचे काम तुझ्या तोंडावर आहे.

ता. क. दुसरा. पाकीट टाकायला हर्षालीकडे दिले, तर तिने वाचले. मग म्हणाली, "मम्मी, आधी का नाही सांगितलंस? आजीनं शब्द गाळला, पण फूल मोजलं ना. मी हेच शोधत होते." डोळे भरले होते तिचे, माझेही. आता तो भाग नव्याने लिहिते आहे. "अज्ञात कवयित्री" खोडून तिने लिहिले, चिमणाबाई गोटीराम पिंगळे. जन्मभर टाळलेले नाव आईच्या नावाला चिकटूनच छापून येणार. तेव्हा रविवारी तू खुशाल ओरड. आता धपाटा घालायला कोणी नाही.